आठ सुतांचा इंच

१२ जानेवारी

भाऊजी,

माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, त्या आधी उतरवा. कुणी गेलेलं नाही. सगळे आहोत. सगळे म्हणजे आम्ही दोघं आणि शेडमधली ती उभी, तुम्हा भावांची उभं राहून चालवायची पाण्यावरची स्कूटर.

फोन केला असता, पण चार वर्षांपूर्वी तुमच्या वाढदिवसाला ह्यांच्या नकळत केला होता तो आठवतोय. मी विचारलं, "तब्येत कशी आहे?" तुम्ही म्हणालात, "साडेसहाला." मी म्हटलं, "अहो, तब्येत!" तर म्हणालात, "नाही, रविवारी बंद." तेव्हाच कळलं, कानांनी कायमची रजा घेतली. म्हणून पत्र.

काम असं आहे. ह्यांनी उभीत मोठं इंजिन बसवायचं ठरवलंय. नीट वाचलंत, मोठं. कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या यंत्रातलं आहे, पण ताकदीला जुन्याच्या दीडपट. खोकं शेडमध्ये येऊन पडलंय. ह्यांचं वजन वाढलं, तुम्ही बघितलं नाहीत. ते दांडा धरून उभे राहिले की जुनं इंजिन नुसतं कण्हतं आणि ती अर्धी पाण्याखालूनच चालते. धक्क्यावरची पोरं हसतात.

हे म्हणतात, धाकट्याला विचार, तेव्हा त्याचंच बरोबर होतं. डोळ्यांना हल्ली कमी दिसतं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलंय. जुनं कसं काढायचं, नवं कसं ठेवायचं, कपलिंगमध्ये फट किती सोडायची, सगळं क्रमाने लिहा. मला समजेल असं लिहा, कारण वाचून दाखवणार मी आहे.

पाठीला ऊन घेत चला. रागावला असाल तर रागावूनच लिहा, पण लिहा.

तुमची वहिनी

२० जानेवारी

वहिनी,

नमस्कार. पाकीट दोन दिवस टेबलावर तसंच होतं. येताजाता त्याच्याकडे बघत होतो. मग चहा सांडला त्याच्यावर, म्हणून फोडावं लागलं.

दादा म्हणाला, "त्याचंच बरोबर होतं"? आपला दादा? त्या माणसाने आयुष्यात भिंतीवरच्या घड्याळाचंसुद्धा बरोबर आहे असं कधी म्हटलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी नेमकं काय झालं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नसेल. तुम्ही आत होतात आणि आम्ही शेडमध्ये ओरडत होतो. तेव्हाही असंच मोठं इंजिन आणलं होतं, मी आणलं होतं. इंजिनाचं तोंड आणि पाणी मागे ढकलणाऱ्या पंख्याकडे जाणाऱ्या शाफ्टचं तोंड समोरासमोर येतात, मध्ये रबर असतं, ते कपलिंग. मी म्हणत होतो, मोठं इंजिन जुन्या जागी ठेवू नकोस, पुढे सरकव, नाहीतर रबर चेपतं आणि शाफ्टला श्वास घ्यायला जागा राहत नाही. किती पुढे तेही मी मोजून सांगितलं होतं. दादा म्हणाला, "जिथं जुनं बसलं तिथंच नवं बसेल." थोरला, म्हणून त्याचं चाललं. तिसऱ्या दिवशी तलावाच्या मध्यावर कपलिंग फुटलं, शाफ्ट तुटला, तळाला भोक पडलं आणि मी गळपट्टीचं हाड मोडून एका हाताने पोहत आलो. धक्क्यावर उभा राहून दादा काय म्हणाला? "तू ताणलंस." मी म्हटलं, तुझं माप चुकलं. मग ते वाक्य, "ह्याचा पाय पुन्हा माझ्या शेडमध्ये नको." तुम्ही टॉवेल घेऊन आलात तोवर बोलून झालं होतं.

असो. इंजिनाचा काही दोष नाही, म्हणून सांगतो. आधी बॅटरीची काळी वायर सोडवा, मग बाकीचं. पेट्रोलची नळी काढून टोक बांधा. पाण्याच्या नळ्यांना वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधा, नाहीतर पुन्हा लावताना रडाल. सायलेन्सर काढा. खालचे चार बोल्ट. मग चेन पुलीने सरळ वर उचला, तिरकं नको. नवं तसंच खाली येईल. कपलिंगच्या दोन तोंडांत एक सूत फट ठेवा. कमी नको, जास्त नको.

हे सगळं दादाला माहीत आहे. मला का विचारतोय तेच कळत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथे सुंभ अजून जळलेलासुद्धा नसताना पीळ गेला म्हणता?

एक अट आहे. पुढच्या पत्रात दादाच्या हातची एक ओळ हवी. माफी नको मला. "पोचलं" एवढं खरडलं तरी चालेल. डोळे कमजोर झाले म्हणून हात कमजोर होत नाहीत.

तुमचा भाऊजी

९ फेब्रुवारी

भाऊजी,

चहा सांडल्याचं वाचून बरं वाटलं. म्हणजे तुम्ही तेच आहात.

जुनं इंजिन बाहेर आलं. शेजारचा रंगारी आला होता चेन ओढायला. तो होड्या रंगवतो, त्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण दंड चांगले आहेत. अर्ध्यावर आल्यावर त्याला शिंक आली. मी डोळेच मिटले. हे नुसते बघत होते.

चार दिवस लागले. सकाळचं सगळं आवरून, आंघोळ घालून, भरवून झालं की अकरा वाजतात, मग तासभर मिळतो. नळ्यांना मी चिंध्या नाही, माझ्या जुन्या साडीचे काठ बांधलेत. लाल काठ पाण्याचा, हिरवा पेट्रोलचा. सायलेन्सरच्या एका बोल्टाने दोन दिवस खाल्ले. तेल सोडलं, ठोकलं, शिव्या दिल्या. शेवटी शिव्यांनीच सुटला असावा.

नवं आत बसलंय. चारपैकी दोनच बोल्ट भोकात गेले, दोन अडून बसलेत, ते नंतर बघू. कपलिंगची फट मात्र तुम्ही सांगितली तशी अगदी एक सूत. शिवणाच्या डब्यातलं सूत काढून दोन तोंडांच्या मध्ये घातलं, ओढलं की जरासं अडकत सरकतं. छान सूत जुळलं. हे बघून "बरं" म्हणाले.

ओळीचं म्हणाल तर ह्यांचे हात ग्रीसने भरलेत, कागद खराब होईल. पुढच्या वेळी नक्की.

दोन बोल्टांचं काय करायचं ते कळवा.

तुमची वहिनी

१५ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचवेना.

एक गोष्ट सांगतो, तुम्ही त्या घरात यायच्या आधीची. आई गेल्यावर दादाने मला हाताशी घेतलं, तेव्हा मी चौदाचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "दोन सुताचं ड्रिल आण." मी ड्रिल घेतलं आणि शेजारणीकडून सुताची दोन रिळं मागून आणली. दादाने रिळांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अशी टपली हाणली की अजून आठवते. मग पोलादी पट्टी हातात दिली. "हे बघ. इंचाचे आठ भाग. एक भाग म्हणजे एक सूत. आठ सुतांचा इंच. झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे." पुढे महिनाभर जेवताना मी घास तोंडात घातला की विचारायचा, "इंचाची सुतं किती?" एकदा ठसका लागून मी मरायचाच राहिलो.

तो माणूस कपलिंगमध्ये शिवणाचं सूत घालेल? आणि तुम्ही घालत असताना शेजारी उभा राहून "बरं" म्हणेल? दादा शेडमध्ये असता तर तुमचा शिवणाचा डबा तलावात गेला असता.

आणि आंघोळ कुणाला घालता? भरवता कुणाला?

वहिनी, मला कान नाहीत, पण डोळे आहेत. खरं सांगा. दादा आहे ना?

इंजिनाला हात लावू नका. दोन बोल्टांवर आणि दोऱ्याएवढ्या फटीवर ते चालू केलंत तर अकरा वर्षांपूर्वीचं पुन्हा होईल, आणि ह्या वेळी पोहत यायला मी नाही.

भाऊजी

३ मार्च

भाऊजी,

आहेत. आधी ते वाचा. तुमचे दादा आहेत.

पत्राला उशीर झाला, कारण खोटं लिहायला मला वेळ लागत नाही, खरं लिहायला लागला.

सात महिने झाले. शेडमध्येच पडले. मी हाक मारली तर ओ आली नाही, मला वाटलं नेहमीसारखे घुश्शात आहेत, म्हणून अजून दहा मिनिटं मी गेलेच नाही. ती दहा मिनिटं मला रोज आठवतात. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. एकच शब्द राहिला, "बरं". भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, माझा राग आला तरी बरं. डॉक्टर म्हणाले, यापुढे फार काही होणार नाही, सांभाळा. सांभाळतेय.

कुणाला कळवलं नाही. कळवून येणार कोण? येतात ते बघून जातात, चहाचे कप मला धुवावे लागतात.

इंजिन मात्र ह्यांनीच मागवलं, आजारी पडायच्या दोन महिने आधी. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "बघू." आता रोज दुपारी खुर्ची ढकलत शेडमध्ये नेलं नाही तर जेवत नाहीत. तिथे बसून डाव्या हाताने त्या खोक्यावर थापा मारतात. थाप, थाप, थाप, आणि माझ्याकडे बघतात. डोळ्यांतून पाणी येतं. मला वाटलं, इंजिन बसवायचं राहून गेलं ते खातंय मनाला. एकदा बसवून चालू करून दाखवलं तर शांत होतील. खरं सांगू? मलाच शांत व्हायचंय. मी दमले, भाऊजी. हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

धक्क्यावरच्या मेकॅनिकला आणलं होतं. त्याने उभीकडे बघितलं आणि म्हणाला, "आजी, भंगारात द्या." आजी म्हणाला त्याचं वाईट नाही वाटलं, भंगाराचं वाटलं.

"त्याचंच बरोबर होतं" हे ह्यांचं वाक्य नाही. माझं होतं. तुम्ही मदत करावी म्हणून मी ह्यांच्या तोंडी घातलं. त्याबद्दल हवं ते बोला.

तुम्हाला सरळ या का म्हटलं नाही, हाही प्रश्न पडला असेल. तुमचा पाय शेडमध्ये नको हे ह्यांचं शेवटचं बोलणं आहे त्या विषयावरचं. आता त्यांना तोंड नाही. तोंड होतं तेव्हा मोडला नाही तो शब्द आता त्यांच्या पाठीमागे मोडायचा, हे मला जमत नाही. मी विचारून बघितलं. म्हटलं, "भाऊजींना बोलावू?" म्हणाले, "बरं." मला इतका आनंद झाला. मग म्हटलं खात्री करून घ्यावी. "की नको बोलावू?" म्हणाले, "बरं."

शेडमध्ये बसून मी एकटीच हसले. मग हे पण हसले.

आणि सुताचं. चाळीस वर्षं तो शब्द घरात ऐकला आणि मला वाटायचं, सूत म्हणजे सूत.

तुमची वहिनी

१० मार्च

वहिनी,

रडून झालं. खाली दुकान असलेल्या पंपवाल्याने वर येऊन दार ठोठावलं म्हणे, मला ऐकू आलं नाही. आता कामाचं बोलू.

तुम्ही म्हणता तो शब्द मलाही मोडता येत नाही. तुम्हाला वाटेल, भाऊ पडलाय आणि हा मान धरून बसलाय. मान नाही हो. दादाने नको म्हटलेल्या ठिकाणी मी आयुष्यात एकदाही पाय ठेवलेला नाही. शिकवणच तशी. आत्ता जाऊन त्याच्या समोर उभा राहिलो आणि त्याच्या डोळ्यांत "चालता हो" दिसलं, आणि तोंडातून "बरं" आलं, तर मी काय समजायचं?

म्हणून एक करा. मोठं इंजिन उभीच्या जुन्या भोकांवर बसतच नाही, तुमचे दोन बोल्ट अडले ते म्हणूनच. मध्ये जाड लोखंडी पाटी लागते. तिला जुनी भोकं असतात, ती खालच्या बोल्टांसाठी, आणि नवी असतात, ती इंजिनासाठी. दादा पाया घातल्याशिवाय भिंत न बांधणारा माणूस. इंजिन मागवलं म्हणजे पाटी त्याने केलेली असणार. दोन महिने होते त्याला. शोधा.

सापडली की पोलादी पट्टी घ्या. ती दाराच्या मागे खिळ्याला असेल. मागच्या बाजूचं जुनं भोक आणि त्याच्या शेजारचं नवं भोक बघा. एका रेषेत असतील तर दादा अजून त्याच्याच म्हणण्यावर आहे, "जिथं जुनं तिथंच नवं". नवं भोक पुढे असेल तर किती सूत पुढे ते मोजा. जुन्याच्या मध्यापासून नव्याच्या मध्यापर्यंत. कडेपासून नाही.

मी अकरा वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून. तुम्ही माझ्या भल्यासाठी पुन्हा खोटं बोलाल. आकडा माझा निघाला, तर दादाने स्वतः मला शेडमध्ये घेतलं असं समजेन आणि येईन. नाही निघाला तर इथूनच उंटावरून शेळ्या हाकेन, इंजिन चालू होईपर्यंत हाकेन, तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही.

मोजताना चष्मा घाला.

तुमचा भाऊजी

२४ मार्च

भाऊजी,

पाटी सापडली. रंगाच्या डब्यांच्या मागे, फळीवर. बोटभर जाड आहे, कडा घासून गुळगुळीत केल्यात, हात फिरवला तर कुठे लागत नाही. ह्यांचंच काम.

चष्मा घातला. पुसून घातला. मागचं जुनं भोक आणि नवं भोक अगदी एका रेषेत आहेत. डावीकडचं तसंच, उजवीकडचंही तसंच. शून्य सूत.

खोटं लिहायचं मनात आलं. तीनदा पेन उचललं. पण आकडाच माहीत नाही तर लिहू काय? बरं केलंत सांगितलं नाहीत ते. पाटीवर एक मोठी फुली ओरखडलेली आहे, तेवढीच खूण, बाकी काही नाही. पडून घासली असेल.

तर तुम्ही तिथेच राहा. पुढे काय करायचं ते लिहा. सांगाल ते करते. इंजिन पुन्हा वर उचलायचं का? उद्या रंगाऱ्याकडे पत्र देईन, तो पोस्टाकडे जातो.

२७ मार्च

भाऊजी, पत्र पाकिटातून परत काढून लिहितेय. रंगाऱ्याला ताप आला म्हणून तीन दिवस पत्र इथेच पडून राहिलं. देव त्याचं भलं करो, लवकर बरा होवो, पण तीन दिवस झाला ते चांगलंच झालं.

काल दुपारी ह्यांना शेडमध्ये नेलं. इंजिन कधीचं बाहेर निघून उभीत बसलंय, तरी हे आपले रिकाम्या खोक्यावर थापा मारतात. मी म्हटलं सवय झालीय. पण काल मी इतकी वैतागले होते, की तोंडातून निघालंच, "अहो, काय आहे त्या मेल्या खोक्यात? इंजिन काढलं ना मी?" आणि रागाने खोकं उपडं केलं.

तळाशी गवत होतं. गवतात ह्यांचा जुना शर्ट, आणि शर्टात गुंडाळलेली दुसरी पाटी.

सात महिने ते मला हेच सांगत होते. आणि मी इंजिन बसवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसलं झालं माझं.

पट्टी घेतली. मध्यापासून मध्यापर्यंत. मागची डावी जोडी, तीन सूत पुढे. उजवी, तीन सूत पुढे. पुन्हा मोजलं, तीन. मग पट्टी ह्यांच्या डाव्या हातात दिली आणि हात धरून भोकांवर ठेवली. त्यांनी अंगठा तिसऱ्या रेघेवर टेकवला आणि काढेनात. मी विचारलं, "हे धाकट्याचं माप का?" म्हणाले, "बरं." ह्या वेळचं "बरं" वेगळं होतं. असं मला वाटलं. दमलेल्या माणसाला काहीही वाटतं म्हणा. तीन हा तुमचा आकडा आहे की नाही, ते मला माहीत नाही. मी फक्त मोजलं.

पाटीवर टोच्याने एक बाण काढलाय आणि बाणापाशी काहीतरी लिहिलंय. मी कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, छाप उमटला. तो कागद सोबत घालते. मला त्यातून कुठली बाजू पुढे एवढंच कळलं. तुम्ही बघा.

आणि त्या पहिल्या पाटीवरची फुली पडून घासलेली नाही. दुपारी उन्हात नेऊन बघितली. टोच्याने, दाबून, दोन रेघांत मारलेली आहे.

तुमची वहिनी

२ एप्रिल

वहिनी,

तीन.

अकरा वर्षांपूर्वी मी शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलं होतं, "पुढे ३ सूत". दादाने माझ्यासमोर फडक्याने पुसलं होतं. तुमच्या कागदावर बाण आहे, आणि बाणापाशी तो एक शब्द, "पुढे". ढ ला शेवटी ते फुगीर पोट, दादाचंच. शाळेत मास्तरांनी त्या ढ वरून त्याला मारलं होतं, तरी सुधारला नाही.

मी एक ओळ मागितली होती. एक शब्द आला. एवढा पुरे. लोखंडावर लिहिलाय, फडक्याने पुसता येणार नाही आता.

आधी स्वतःच्या मापाची पाटी केली. भोकं पाडली, लावून बघितली असेल, बसत नाही म्हणून दिसलं असेल, आणि मग एकटाच त्या शेडमध्ये उभा राहून स्वतःच्याच पाटीवर फुली मारली असेल. मला तो नुसता फुली मारताना बघायला मिळाला असता तर मी त्याच क्षणी सगळं विसरलो असतो. आणि त्याला एक पत्र टाकायला काय झालं होतं? मला तरी काय झालं होतं? दोघंही एकाच आईची.

तुम्ही माफी मागितलीत त्या वाक्याची. मागू नका. "त्याचंच बरोबर होतं" हे तुम्ही खोटं म्हणून लिहिलंत आणि ते खरं निघालं. तुमचं खोटंसुद्धा वाया जात नाही.

मी शनिवारी सकाळी पोचतो. पाने, फट जुळवायच्या पातळ पत्र्या, नवं रबर सगळं घेऊन येतोय. तोवर कुणी बोल्ट आवळू नका, रंगाऱ्यालाही शेडमध्ये शिंकू देऊ नका. इंजिन पुन्हा वर घेऊ, पाटी घालू, पट्टी आडवी टेकवून दोन्ही तोंडं बघू, फट एक सूत ठेवू. खरं एक सूत, शिवणातलं नाही. वर झाकण टेकतं का बघावं लागेल, मोठ्याचं डोकं उंच असतं. दोन दिवसांचं काम. पाण्यावर मी नेणार नाही, माझी पाठ राहिली नाही आणि दादाचं तर काहीच राहिलं नाही. धक्क्याला बांधून ठेवू, नुसती चालू करू. दादाची खुर्ची शेजारी ठेवू. मला आवाज येणार नाही, म्हणून नीट चाललंय की नाही ते मी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखणार.

लोकांना वाटत असेल, अकरा वर्षांनी भेटतायत, आता काय काय बोलतील. त्याला बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही. भांडायचं म्हटलं तरी जमायचं नाही. ह्यापेक्षा चांगलं सूत आमचं जुळणार नव्हतं.

दादाला आधी काही सांगू नका. नाहीतर सांगा. नुसतं विचारा, "इंचाची सुतं किती?" बोटं दाखवता येतात का बघा. डाव्या हाताची पाचच होतील बिचाऱ्याची, उरलेली तीन शनिवारी मी माझी घालीन.

आणि शनिवारी दुपारी तुम्ही झोपायचं. दार लावून, उशी घेऊन, संध्याकाळपर्यंत. दादाला मी भरवीन.

भाऊजी